मामा गाडी पुसतात

मोटारसायकल ही मुळात पुसायची वस्तू आहे आणि चालवणं हा दोन पुसण्यांच्या मधला एक नाइलाज आहे, हे अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये कळलेला एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगण्यात आलं होतं की, मुलीचे एक मामा जेसल पार्कला राहतात, स्वभावाने फार चांगले आहेत, कारखान्यात होते, आता रिटायर झालेत. पुसण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. पुढे वर्षभरात आम्ही त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो आणि पार्किंगमध्ये माझी गाडी मामांच्या गाडीशेजारी उभी राहायला लागली. तोपर्यंत माझी गाडी चारचौघांच्या गाडीसारखी होती. मामांच्या काळ्याभोर, आरशासारख्या गाडीशेजारी उभी राहिल्यावर ती कुठल्यातरी खाडीतून ओढून काढल्यासारखी दिसायला लागली.

मामा मूळचे गुहागरकडचे. उभं आयुष्य भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात गेलं. तीस वर्षं रोज शेकडो ताटं-वाट्या चमकवून झाल्यावर एखाद्या माणसाला चकचकीत वस्तूंचा तिटकारा आला असता. मामांना व्यसन लागलं. सकाळी सहाला ते खाली उतरत. एका हातात तूप संपलेल्या डब्यात पाणी, खांद्यावर फडकी. पाणी तेवढंच. पाइप लावून गाडी धुणाऱ्या माणसाकडे ते असं बघत की जणू तो माणूस बाळाला नळाखाली धरून उभा आहे. "धुणं हे आळशी माणसाचं काम आहे, जावईबापू," ते मला म्हणाले होते. "पाणी ओतलं की घाण दुसरीकडे जाते. पुसलं की घाण हातात येते. हातात आली की कळतं कुठली आहे ती."

फडकी मात्र सात होती आणि त्यांच्यात कडक शिस्त होती. टाकीला मामींच्या जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा. चाकाच्या तारांना बनियन. इंजिनाच्या खाचांना मच्छरदाणीची पट्टी, चेनला जुना टूथब्रश आणि त्यामागून पायमोजा. सीटला टॉवेल, आरशाला रुमाल, आणि सातवं फडकं बाकीच्या सहा फडक्यांनी पुसून झाल्यावर हात पुसायला. टाकीचं फडकं चाकाला लागलं तर मामा ते त्या दिवशीपुरतं निवृत्त करत. मामींची तक्रार रास्त होती. त्या म्हणायच्या, "माझी एकही साडी बोहारणीच्या हाताला लागली नाही. जरा मऊ पडली की हे कपाटासमोर फेऱ्या मारायला लागतात. मागच्या दिवाळीची पैठणी मी बहिणीकडे ठेवायला दिलीय."

पावसाळ्यात तरी हा माणूस थांबेल असं मला वाटलं होतं. भाईंदरच्या रस्त्यांवर जुलैमध्ये जे साचतं त्याला चिखल म्हणणं हा चिखलाचा अपमान आहे. मी एकदा धीर करून म्हणालो, "मामा, आज पुसून काय उपयोग? उद्या परत तेच." मामांनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही काल जेवलात ना?" मी म्हटलं, हो. "मग आज कशाला जेवताय?" त्यानंतर मी या विषयावर त्यांच्याशी वाद घालायचं सोडून दिलं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी वर्षातून दोनदा गाडी पुसतो. एकदा दसऱ्याला, कारण हार घाणेरड्या हँडलला घालताना बायको बघत असते. दुसऱ्यांदा, टाकीवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने काहीबाही लिहून जातं तेव्हा. हे मी मामांना प्रामाणिकपणे सांगितलं, ही माझ्या संसारातली मोठी चूक. कारण मामांना या विषयाची नोंद ठेवायची सवय होती. पेट्रोल पंपाच्या रांगेत, केबिन रोडच्या भाजीवाल्यापाशी, सिग्नलला, कुठेही शेजारी दुचाकी थांबली की मामा अदबीने विचारणार, "किती दिवसांनी पुसता?" समोरचा अमराठी दिसला तर, "कितने दिन में पोछते हो?" एकाने ऐकून घाबरून गाडी सिग्नल तोडून पळवली होती. बाकीचे उत्तरं देत. कोणी म्हणे, संडे के संडे. कोणी म्हणे, सर्व्हिसिंगवाला करतो. तळमजल्यावरच्या गुजराती बेनचा मुलगा म्हणाला, "अंकल, बारिश है ना." मामांनी या सगळ्या उत्तरांवरून एक नियम बसवला होता : माणूस रोज म्हणाला तर आठवड्याने समजायचं, आठवड्याने म्हणाला तर महिन्याने, आणि महिन्याने म्हणाला तर त्याला चहा पाजून विषय बदलायचा. "आणि वर्षातून दोनदा म्हणाला तर?" मी विचारलं. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या गाडीकडे. मग म्हणाले, "भाचीचं लग्न झालंय आता. काय बोलणार?"

माणसाची पारख ते गाडीवरून करत, हे तर घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मुलीला बघायला बोरिवलीचा एक मुलगा आला होता, त्याची गोष्ट मामी अजून सांगतात. मुलगा एका मोठ्या कंपनीत, दिसायला छान, आईवडील सोबत. कांदेपोहे समोर आले आणि मामा गायब. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी मामी गॅलरीतून वाकल्या तर हे खाली मुलाच्या मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डमध्ये मान घालून बसलेले. वर आले ते बोटं काळी करून. पाहुण्यांसमोर काही बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाले, "मुलगा वरून स्वच्छ आहे. आतून कधी कोणी बघितलेलं दिसत नाही." मामींनी कपाळाला हात लावला. ते स्थळ गेलं. पुढचा मुलगा नालासोपाऱ्याचा, पगार बेताचा, पण त्याच्या चेनला ताजं तेल होतं आणि चेनकव्हरच्या आत बोटाला काही लागलं नाही. तोच आज मामांचा जावई आहे. दोघं भेटले की मुलीची खुशाली सर्वांत शेवटी विचारली जाते.

गेल्या वर्षापासून मामांच्या विक्षिप्तपणाला एक नवी पालवी फुटली होती. मला ते एकदा शेअर रिक्षात दिसले. मधल्या सीटवर, दोन बायकांच्या मध्ये, मांडीवर हेल्मेट घेऊन ताठ बसलेले. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय." पण गाडी खाली उभी होती, नेहमीसारखी झगझगीत. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "आली परत." पुढच्या महिन्यात परत दिसले, तेव्हा चालत होते, हेल्मेट हातात पिशवीसारखं लटकवून. मला पाहून त्यांनी ते घाईने डोक्यावर चढवलं आणि फुटपाथवरून चालत राहिले. "हल्ली फुटपाथवरही काही भरवसा नाही," ते म्हणाले. मी घरी येऊन मेघनाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे हसत हसत सांगितलं. तीही हसली. "मामा ना!" म्हणाली. आमच्या घरी 'मामा ना!' या दोन शब्दांत कुठल्याही प्रकरणाचा निकाल लागत असे.

खरी भानगड झाली ती त्या शनिवारी. दुसऱ्या दिवशी ठाण्याला मेघनाच्या चुलत बहिणीचं डोहाळजेवण होतं आणि आम्ही दोघं माझ्या गाडीवरून वरसाव्याचा पूल, घोडबंदर रोड असे जाणार होतो. शनिवारी सकाळी मी मीरा रोडच्या ऑफिसला निघालो, खाली आलो आणि मला माझी गाडी सापडेना. होती तिथेच, पण मी ओळखली नाही. तिचा रंग निळा होता, हे मी विसरलो होतो. वॉचमन दात काढून उभा होता. "मामाजी ने किया, साब. सुबह पाँच बजे से बैठे थे. बोले, अब देखा नहीं जाता." तेवढ्यात कचरा टाकायला आलेल्या तळमजल्यावरच्या बेन म्हणाल्या, "अरे वाह, नवी गाडी लीधी?" आणि हँडलला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी होती. मोठाल्या, वेड्यावाकड्या अक्षरांत : 'जावईबापू, गाडी काढू नये. आधी भेटावे.'

माझं डोकं फिरलं. मला उशीर झाला होता, बेन हसत होत्या, वॉचमन हसत होता, आणि आता वर जाऊन चेनकव्हरवर तासभर प्रवचन ऐकायचं होतं. मी चिठ्ठी घेऊन तरातरा जिना चढलो. मामांनी दार उघडलं, खांद्यावर फडकं होतंच. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सुरू झालो.

"मामा, ती माझी गाडी आहे. मला ती घाण आवडते. तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

"अहो, ऐका तरी, मी पुसताना..."

"तेच ते! पुसताना! आयुष्यात दुसरं काही काम नाही का तुम्हाला? सगळी बिल्डिंग हसते, कळतं का?"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे ते तोंडातून बाहेर पडतानाच मला कळलं. मामांनी खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली, मग परत उलगडली, परत घातली. स्वयंपाकघराच्या दारात मामी उभ्या होत्या. आवाज ऐकून मेघनाही खाली आली होती. मामा शांतपणे म्हणाले, "मागच्या चाकापाशी, डाव्या बाजूला हाताला चीर लागली. लोखंडातली. मेकॅनिकला दाखवा एवढंच सांगायचं होतं." आणि आत निघून गेले.

मला तेव्हाही खरं वाटलं नाही. पण मेघना म्हणाली, "मामा म्हणतात ना? मग दाखव. नाहीतर उद्या मी बसणार नाही." मामांचं म्हणणं खोटं ठरवायच्या एकमेव हेतूने मी गाडी ढकलत केबिन रोडच्या मागच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे नेली आणि उद्या बायकोला घेऊन ठाण्याला जायचंय म्हणून सांगितलं. तो खाली बसला, डाव्या बाजूला बॅटरीचा उजेड मारला आणि बोटाने मला जवळ बोलावलं. मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांत धरलेलं असतं, त्याला हे लोक चिमटा म्हणतात. खाडीच्या खाऱ्या हवेने तो आतून गंजला होता आणि जोडाशी अर्ध्याहून जास्त तडकला होता. वर वर्षभराच्या चिखलाचा लेप बसलेला, म्हणून सर्व्हिसिंगमध्येही कोणाला दिसलं नव्हतं.

"साब, ये गाडी धोया किसने?"

"धोया नहीं, पोछा," मी म्हणालो. का कोण जाणे, पण मला ते दुरुस्त करावंसं वाटलं.

"जिसने भी पोछा, उसका पैर पकडो. पीछे भाभी को बिठाके कल घाट चढते ना, तो ये उधरीच टूटता."

मी ऑफिसला गेलो नाही. गाडी तिथेच ठेवून चालत घरी आलो. वाटेत डोळ्यांसमोर घोडबंदरचं ते वळण, शेजारून जाणारे कंटेनर आणि मागे बसलेली मेघना, एवढंच येत होतं. मामांच्या दारात पोचलो आणि सरळ वाकून नमस्कारच केला. मामा दचकले. "अहो, हे काय, जावयाने पाया पडायचं नसतं," म्हणत मागे सरताना त्यांचा धक्का टीपॉयला लागला आणि पेपर खाली पडला.

मी म्हणालो, "मामा, मी फार वाईट बोललो."

"बोललात ते बरोबर होतं," मामा म्हणाले. "विचारून पुसायला हवी होती. पण विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला नसता." मग लगेच हसले. "गाडी किती दिवस लागणार? आठवडा? मग उद्या ठाण्याला माझी घेऊन जा."

हा मान किती मोठा होता, ते फक्त आमच्या घरातल्यांनाच कळेल. मामांच्या गाडीला त्यांच्या जावयानेही हात लावलेला नव्हता. रविवारी सकाळी मेघना ठेवणीतली साडी नेसून खाली आली. मामा किल्ली घेऊन उभेच होते. मी देवघरात शिरावं तसा चप्पल झटकून सीटवर बसलो आणि बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. नुसती टिक. मी उतरून किक मारली, दहा मारल्या, पंधरा मारल्या. मेघना पदराने वारा घेत उभी. माझा घाम टाकीवर पडला तो मामांनी मुकाट्याने पुसला. मग माझं लक्ष मीटरकडे गेलं. मीटरच्या शेजारी गेल्या वर्षीच्या सर्व्हिसिंगचं कागदी लेबल होतं, त्या दिवसाचा आणि पुढच्या सर्व्हिसिंगचा आकडा लिहिलेलं. मीटर पुढच्या आकड्याच्या कितीतरी मागे होतं, जवळजवळ त्या दिवशी होतं तिथेच.

मी मामांकडे बघितलं. ते गाडीकडे बघत होते.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "काचबिंदू आहे. दोन्ही बाजूंचं दिसत नाही मला. समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. एकदा केबिन रोडला एक बाई डावीकडून आली, मला दिसलीच नाही. ब्रेक लागला म्हणून बरं. त्या दिवसापासून नाही चालवली."

दुसऱ्या कोणाची गाडी असती तर आठवड्यात धूळ बसली असती, महिन्यात कोळ्यांनी जाळी केली असती, आणि अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं की हा माणूस गाडी काढत नाही. मामांची गाडी रोज सकाळी तशीच झगझगीत. हेल्मेट हातात घेऊन जाणारा माणूस शेअर रिक्षाने जातो की चालत, याचा विचार कोण करतो? मी तर दोन वेळा बघूनही हसलो होतो.

"मग माझ्या गाडीची चीर?" मी विचारलं.

"ती दिसली कुठे? हाताला लागली. पुसताना आता हातानेच बघतो मी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टरकडे जातोय नियमित. औषध आहे. गेलेलं परत येत नाही म्हणाले, पण आहे ते राहील. तुमच्या मामीला यातलं काही सांगू नका. तिचं ब्लडप्रेशर आहे. मेघना, तूही."

मेघनाने मान हलवली. ती वळून घराकडे बघत होती, म्हणजे रडत होती. डोहाळजेवणाला तिला उशीर नको म्हणून ती बसने गेली. मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॅटरी बदलली, जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं आणि तासाभराने ती गाडी एका हलक्या खोकल्यानंतर सुरू झाली. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी म्हटलं, "मामा, बसा मागे." ते नाही म्हणाले. मग म्हणाले, "कपडे बदलून येतो." इस्त्रीचा शर्ट घालून, हेल्मेट घालून आले.

आम्ही वरसाव्याच्या पुलापर्यंत गेलो. वाटेत मामा मला सतत सूचना देत होते. "क्लच अर्धा नको दाबून ठेवू... खड्डा आहे पुढे, डावीकडे." मला अहोजाहो करायचं ते विसरून गेले होते, हे माझ्या लक्षात आलं आणि फार बरं वाटलं. खड्डा खरंच होता. रस्ता त्यांना पाठ होता. रस्त्याच्या कामाची पांढरी धूळ उडत होती आणि आम्ही दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झालो होतो. पुलाजवळ गाडी कडेला घेऊन थांबलो. मामा उतरले, कठड्याला हात लावून उभे राहिले. "पाणी आहे का खाडीला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "भरती आहे. दोन होड्या आहेत." ते म्हणाले, "हो, दिसतायत." ते बघत होते त्या बाजूला होड्या नव्हत्या.

घरी आलो तेव्हा दुपार होत आली होती. मामा सोफ्यावर टेकले आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. मामी कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगितलं वाटतं त्यांनी तुम्हाला."

मी ग्लास हातात धरून उभा राहिलो.

"मला पहिल्या महिन्यातच कळलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डाव्या बाजूचा पापड त्यांना ताटात दिसेना. मी सगळं ताटाच्या मधोमध वाढायला लागले. वर्ष झालं, घरातली खुर्चीसुद्धा जागची हलवलेली नाही मी. परवा मोलकरणीने टीपॉय सरकवला, नि माझ्याकडून तो परत लावायचा राहिला, तर काल धडकलेच ते. पण त्यांना वाटतंय ना, मला माहीत नाही? वाटू दे. तेवढीच त्यांना माझी काळजी करायला मिळते."

बाहेरून मामांचा आवाज आला. "मी जरा गॅलरीत आहे गं. फडकी वाळत घालतो."

"डोळ्यात औषध घालायची वेळ झाली," मामी मला म्हणाल्या. "बाटलीचं झाकण उघडताना टक्कन आवाज होतो. आपल्याला ऐकू गेला की काय, म्हणून घाबरतात ते."

त्यांनी हात पुसले आणि ओट्यावरचा मिक्सर सुरू केला. मोठा घरघराट झाला. मी बघितलं, भांड्यात काहीच नव्हतं. आम्ही दोघं त्या रिकाम्या भांड्याकडे बघत उभे राहिलो. गॅलरीचं दार परत लागेपर्यंत मामींनी बटणावरचं बोट काढलं नाही.